खालून येणारा भाला

“खालून! अरे, खालून मार! वरून काय हाणतोस, तो काय नारळ आहे?”

मास्तर ओरडत होते. एका हातात धोतराचा सोगा, दुसऱ्या हातात उशीएवढं इंग्रजी पुस्तक, आणि घामानं घसरलेला चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मी निपाणीच्या वाचनालयामागच्या पटांगणात, वैशाखाच्या भर उन्हात, एका घोडीच्या पोटापाशी उताणा पडलो होतो. हातात भाला. घोडीवर चार मण लोखंडाचा पुतळा. भोवती माणूस म्हणाल तर पाच हजार. बरं, पाच हजार जास्त झाले. दीडशे धरा, आणि त्यात लिंबावर बसलेले कावळेही धरा. लोखंडही चार मण नव्हतं. लोखंडच नव्हतं, रॉकेलच्या डब्यांचा पत्रा होता. पण घोडी खरी होती, पत्र्याच्या आत बसलेला दत्तू खरा होता, आणि मास्तरांचं ओरडणं तर इतकं खरं होतं की अजून ऐकू येतं.

ऐकू येतं ते याच दिवसांत. वैशाख कलला की आमच्या गावात छपरांना माणसं फुटतात. नळीची कौलं परतायची वेळ. माकडांनी सरकवलेली, मांजरांच्या भांडणात फुटलेली कौलं काढायची, वर्षभराचा पाचोळा झाडायचा, नवी सरकवायची आणि पाऊस यायच्या आत खाली उतरायचं. खालच्यानं कौल फेकायचं, वरच्यानं झेलायचं. “हांऽ, दे!” “घे!” आणि मग खापरावर खापर बसल्याचा तो कोरडा आवाज. इंग्रज या साली जाणार, नक्की जाणार, असं चावडीवर रोज ऐकतो. जाईनात का. वैशाख मात्र कुठं जात नाही. तेवढे दिवस मी तंबाखूच्या वखारीतून घरी येताना वाट बदलतो. विचारलं कुणी तर सांगतो, मागं एकदा डोक्यात कौल पडलं, त्याचे सात तुकडे झाले आणि मला तहान लागली, एवढंच. लोकांना पटतं. माझं काहीही लोकांना पटतं. तीच तर रड आहे.

दत्तू एरवी टांगा हाकायचा आणि वैशाख कलला की छपरावर चढायचा. कौलं घालणं हा बापाचा धंदा, तो आपसूक त्याच्या हातात उतरला होता. टांगा त्याची स्वतःची हौस. घोडीचं नाव रंभा. सदलग्याच्या बाजारात घेतलेली, म्हणून तिला कानडीच कळायचं. मराठीत लाख चल म्हणा, ती माशा वारत उभी. “नडी” म्हटलं की वारा. दत्तूचे आईबाप दोघंही गेलेले. थोरल्या बहिणीनं त्याला वाढवला. ती नवऱ्यामागं माहेरी परत आलेली, वाकळा शिवून देणारी. सगळं गाव तिला आक्काच म्हणायचं. तिचा टाका इतका बारीक की मोजायला मुंगी बसवावी लागेल, असं मी सांगायचो, आणि ती म्हणायची, “बाळू, तुझ्या तोंडाला दोन टाकं घालते बघ एक दिस.”

मास्तर हायस्कुलात इतिहास शिकवायचे. बेळगावहून बदलून आलेले. शाळेला सुटी लागली की दुपारभर वाचनालयात. बाहेर गाव तव्यावर ठेवल्यासारखं, वाऱ्यावर वखारींतल्या तंबाखूचा उग्र वास, जो तो शिंकतोय, आणि आत मास्तर हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच्या इराणात. त्यांना एकच खूळ लागलं होतं: इराणच्या बादशहाचे लोखंडी स्वार. ते नेमके दिसत कसे, हलत कसे, मरत कसे. चित्रं थोडी आणि झिजलेली. म्हणून जुन्या लोकांनी जे लिहून ठेवलंय त्यातून अख्खा स्वार उभा करायचा. उन्हाळी व्याख्यानांत त्यांचा एक दिवस ठरला होता. ऐकायला आम्ही दोघं हक्काचे. मी वखारीतून पळून आलेला, आणि दत्तू उतारू मिळेपर्यंत खिडकीबाहेर टांगा उभा करणारा. दोन दिवस तो खिडकीतून ऐकत राहिला, तिसऱ्या दिवशी आत येऊन बाकावर बसला.

“दत्तोबा, ऐक. रोमन फौजेतला एक शिपाई लिहितो. त्यानं हे डोळ्यांनी पाहिलंय. स्वार डोक्यापासून पायापर्यंत लोखंडात. सांधा वळेल तसा पत्रा वळतो. तोंडावर मुखवटा, तोही माणसाच्याच चेहऱ्याचा. बाण शिरायला जागा म्हणजे डोळ्यांची भोकं आणि नाकापाशी श्वासापुरती फट. बस्स.”

“मंग शिंकला तर?” दत्तूनं विचारलं.

निपाणीच्या माणसाला हा प्रश्न पडणारच. मास्तरांनी पुस्तकाची दोन पानं पुढं चाळली, दोन मागं. “हे कुणी लिहिलेलं नाही,” ते म्हणाले, आणि वहीत प्रश्न टिपून ठेवला.

दुसरा साक्षीदार गोष्टी लिहिणारा होता. त्यानं तर सगळंच सांगितलं होतं: वीतभर पत्रे एकमेकांच्या काठावर बसवून कसे शिवतात, स्वाराला घोड्यावर चढवायला इतरांनी कसं उचलावं लागतं, लांब भाल्याचा भार घोड्याच्या मानेच्या फासात कसा तोलतात. आणि शेवटी असंही की समोरचं पायदळ आडवं पडून सरपटत घोड्यांखाली शिरलं, खालून वार केले, आणि ते लोखंडी डोंगर कोसळले. पडले ते पुन्हा उठलेच नाहीत.

“आता कुणाचं धरायचं?” मास्तर म्हणाले. “शिपायानं पाहिलंय. यानं रचलंय. गोष्टीवाल्याला कथानकात इराणी पाडायचेच होते, म्हणून त्यानं खालचा वार काढला. माझा विश्वास शिपायावर. खालूनही ते चिलखत अभेद्यच असणार.”

मी अर्थातच गोष्टीवाल्याच्या बाजूचा. जातभाई पडला. पण दत्तू हनुवटी खाजवत म्हणाला, “शिपाय तरी खरंच बोलतोय कशावरनं, मास्तर? मार खाल्ल्याला माणूस म्होरल्याला मोठाच करून सांगतोय की.”

मास्तर खुर्चीतून उठलेच. दत्तूच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “अरे, हे मला बी. ए.ला कुणी शिकवलं नाही!” आणि तेव्हाच ठरलं. स्वार उभा करायचा. व्याख्यानाच्या दिवशी लोकांसमोर खालून भाला मारून बघायचा. जे होईल ते खरं.

मला वाटतं, तो उन्हाळा माझ्या आयुष्यातला सगळ्यात उजळ उन्हाळा होता. अक्षरशः उजळ. आक्काच्या अंगणात पत्र्याचे शेकडो तुकडे वाळत घातलेल्या पापडासारखे पसरलेले. त्यांवर ऊन पडलं की शेजारच्या गल्लीतल्या भिंती थरथरायच्या. दत्तू कात्रीनं पत्रा कापायचा, मी खिळ्यानं भोकं पाडायचो, आक्का दाभणानं ते तुकडे एका जाड वाकळीवर शिवायची. करवंदांचा द्रोण मधे. बोटं काळीजांभळी. रंभेच्या तोबऱ्याचा आंबूस वास. दत्तूचं कानडी गाणं, ज्याच्या दोनच ओळी त्याला यायच्या.

“हे घालून कुणाच्या लग्नाला जानार हाईस रं?” आक्का विचारायची.

“इराणच्या.”

“मंग येताना तिथलीच बायकू घिऊन ये. हितली तर हे बघून पळंल.”

पहिली ओळ शिवतानाच अडलं. पुस्तकात एवढंच होतं की पत्र्याची कड दुसऱ्याच्या कडेवर येते. कुठली कुठल्यावर? मास्तर शब्दकोश घेऊन आले. चार वाक्यं उलटीसुलटी लावून पाहिली. दत्तू हसायलाच लागला.

“त्यात काय इच्यारायचं? वरचं खालच्यावर. न्हाईतर गळंल की!”

आम्ही सगळे हसलो. मास्तरही. जिथं आषाढात पंधरा पंधरा दिवस सूर्य दिसत नाही तिथल्या माणसाला याहून वेगळं सुचायचं कसं? मास्तरांनी वहीत लिहिलं, ‘वरचा खालच्यावर’, आणि खाली दोन रेघा ओढल्या. मग आक्का मानेपासून गुडघ्यापर्यंत तसंच शिवत गेली, छपराचं पाखं घालावं तसं. प्रत्येक तुकडा वर घट्ट, खाली मोकळा. पाऊस कुठून येतो ते आम्हाला पिढ्यान् पिढ्या ठाऊक. भाला कुठून येतो ते ठाऊक नव्हतं.

मुखवट्याला धान्य चाळायची पत्र्याची चाळण मिळाली. भाल्याला बैल हाकायची पराणी, लोखंडी आर असलेली. मास्तरांनी त्या आरेवर स्वतः फडकं गुंडाळलं, सुतळीनं बांधलं, आणि दोनदा ओढून बघितलं.

व्याख्यानाचा दिवस. दत्तूला आम्ही चौघांनी उचलून घोडीवर बसवला. मास्तरांना तेवढ्यानंही आनंद, पुस्तकातलं एक वाक्य खरं निघालं म्हणून. त्या उन्हात गुडघ्यापर्यंतच्या चोळण्यावर वाकळ आणि पत्रा. आत तो शेंगेसारखा भाजत असणार. चाळणीच्या भोकांतून घाम ठिबकत होता. मी खाली पडलो तसा तो वाकून हळूच म्हणाला, “बाळ्या, ते फडकं काढ की रं. लोकं म्हनत्याल चेंडू मारला.”

“लागंल.”

“अंगावर कौलं हाईत माझ्या. काढ.”

मी काढलं. त्याला हवं होतं म्हणून काढलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. मलाही हवं होतं. फडकं बांधलेल्या भाल्याची गोष्ट कोण ऐकतो?

पहिला वार मी मुद्दाम वरून केला, नुसता खणखणाट व्हावा म्हणून. झाला. लोक ओरडले. मग मास्तर ओरडले, खालून, खालून. मी खालून मारला.

हाताला कळतं. आयुष्यात मी छप्पन्न थापा मारल्या असतील त्या जाऊ द्या, एवढं शपथेवर सांगतो: पत्र्यावर आपटलेला भाला आणि आत गेलेला भाला यांत हाताला फसवता येत नाही. पत्रा वाजलाच नाही. आर मोकळ्या कडेखाली शिरली, घसरत वर गेली, वाकळीत फुसकन शिरली आणि वाकळीच्या पलीकडं कशाला तरी टेकली. मऊ. रंभा एक पाऊल सरकली. चाळणीआड दत्तूचे डोळे दिसत नव्हते. मी पराणी ओढली. 

“लागलं न्हाई!” दत्तू आतून ओरडला.

आणि मी उठून उभा राहिलो, पराणी डोक्यावर नाचवली आणि त्याच्यापेक्षा मोठ्यानं ओरडलो, “परतला! भाला परतला!”

पाच हजार माणसांनी टाळ्या वाजवल्या. ही पाच हजार मात्र कमी करणार नाही. मला तेवढ्या ऐकू आल्या. मास्तरांनी चष्मा काढून डोळे पुसले. आयुष्यात एकदा गोष्टीवाला खरा निघाला होता, आणि त्याचं खरं बुडवणारा मीच निघालो.

पुढचे आठ दिवस मी गावाला दुसरं काही बोलू दिलं नाही. पहिल्या दिवशी भाला परतला होता. दुसऱ्या दिवशी वाकला. तिसऱ्या दिवशी आरेचे तीन तुकडे झाले आणि एक तुकडा उडून लिंबावरचा कावळा मेला. चहाच्या दुकानात लोक दत्तूला उभं करून विचारायचे, “व्हय रं, खरं?” आणि तो माझ्याकडं बघून म्हणायचा, “दोन कावळं.” एवढा खुशीत मी त्याला कधी पाहिला नव्हता. आजवर तो लोकांना पोचवणारा होता. आता लोक त्याला बघायला येत होते.

चौथ्या दिवशी टांग्यात आम्ही दोघंच होतो. तो जरा वाकडा बसला होता. रस्त्याकडं बघत म्हणाला, “बाळ्या, मांडीत ठणकतंय रं. दवाखान्यात दाखवू का?”

“किती लागलंय?”

“टिचभर. भोकच हाय नुसतं. रगात बी मायंदाळ न्हाय आलं.”

मी काय म्हणालो ते मला शब्दाशब्दानं पाठ आहे. म्हणालो, “गेलास की गावभर होईल. कंपाउंडरच्या पोटात काय राहतंय व्हय? भाला लागला म्हणतील. मास्तरांचं हसं होईल, तुझं होईल. हळद दाब वर. दोन दिसात बुजतंय.”

त्यानं मान हलवली. रंभेला “नडी” म्हणाला. वाटेत दोघं तिघं रामराम घालणारे भेटले, त्यांना त्यानं हात केला. पुलापाशी आल्यावर मी त्याला कावळ्याची गोष्ट नव्यानं सांगितली आणि तो हसला.

त्यानंतर तो दोन छपरांवर चढला. तिसऱ्या छपरावर, जेवायच्या वेळी, भाकरीचा तुकडा तोंडात जाईना. “जबडा धरलाय,” म्हणाला, “तुझ्या गोष्टी सांगून सांगून.” संध्याकाळपर्यंत मान वळेना. सकाळी त्याला सर्व्हिस मोटारीतून बेळगावला नेला. प्रत्येक खड्ड्याला त्याचं अंग धनुष्यासारखं ताणलं जायचं आणि ओठ मागं ओढले जायचे. शेजारची एक बाई आक्काला म्हणाली, “पोरगं हसतंय की, बरं होतंय बघा.” आक्का तिच्याकडं बघून हसली. काय करणार?

डॉक्टरांनी जखम शोधून काढली. विचारलं, कशानं झाली. मी पुढं झालो आणि म्हणालो, पत्रा कापताना लागला असेल, डब्याचा. तिथंसुद्धा. डॉक्टर म्हणाले, कशानंही असो, आता उपाय तोच. म्हणजे त्या थापेची गरजही नव्हती. मोठा दवाखाना, पांढऱ्या भिंती, अंधार केलेली खोली, कारण उजेड आला तरी त्याला झटका यायचा. ज्या माणसाच्या अंगावर भिंती थरथरवणारं ऊन होतं, त्याच्या खिडकीला आम्ही आक्काच्याच वाकळीचा पडदा लावला. तिसऱ्या दिवशी तो गेला. तेवीस-चोवीस वर्षांचा असेल.

परतताना मोटारीत पावसाळी ढग दिसायला लागले होते. लोक म्हणत होते, यंदा लवकर येतंय वाटतं.

तेराव्याला मास्तर माझ्याकडं आले. वही बगलेत. बसले नाहीत. “बाळू,” ते म्हणाले, “मला एकच सांग. त्या दिवशी भाला लागला होता का?”

इथं मी खरं बोलायला हवं होतं. मी मास्तरांच्या तोंडाकडं पाहिलं. हो म्हणालो असतो तर त्यांचा ‘खालून मार’ त्यांच्या गळ्यात पडला असता, असं मला वाटलं. असं वाटलं म्हणून मी सांगतो. खरं तर मी भ्यालो होतो. म्हणालो, “नाही मास्तर. टेकला पण नाही.”

“बरं,” मास्तर म्हणाले. पुढं त्यांनी या प्रयोगावर एक लेख लिहिला. कुठल्याशा मासिकात छापूनही आला. त्यात आहे की प्रत्यक्ष प्रयोग करून पाहता, वरचा पत्रा खालच्यावर बसवलेलं चिलखत खालचा वार रोखतं. सबब शिपायाचं वर्णन ग्राह्य, गोष्टीवाल्याचं त्याज्य. अंक मी जपून ठेवलाय. मास्तरांची बदली झाली. मग ते वारलेही. आता तो कागद वाचून कुणी दुसरा मास्तर आणखी काही सिद्ध करत असेल. त्या जुन्या पुस्तकांकडं मी तेव्हापासून संशयानं बघतो. दीड हजार वर्षांपूर्वी कुठल्या तरी छावणीत कुणी तरी विचारलं असेल, भाला लागला का रे? आणि माझ्यासारखाच कुणी तरी उभा असेल.

वाट बदलत बदलत मी पंधरा वैशाख काढले. या वर्षी आक्काच्या घराला माणूस मिळेना. कौलं परतणारी जुनी माणसं राहिली नाहीत, आणि तिच्या चुलीवर तर आभाळ दिसत होतं. तिनं मला बोलावलं नाही. मीच शिडी घेऊन गेलो. चाळिशीला आलेला, पोट सुटलेला माणूस, पायाखालच्या रिपा करकर वाजतायत, आणि खालून आक्का म्हणतेय, “बाळू, पडशील. मग गावात सांगशील, इमानातनं पडलो म्हनून.” केस पांढरे झालेत तिचे. दाभण मात्र अजून हातात.

चुलीवरची दहा-बारा कौलं मी उचलून बाजूला ठेवली. त्या भोकातून खाली ती दिसत होती, पाटावर बसलेली, कुणाची तरी वाकळ मांडीवर घेऊन. तिचं तोंड खाली होतं. वरून उन्हाचा एक चौकोन तिच्या हातांवर पडला होता. तोंड दिसत नसलेल्या माणसाशी बोलणं सोपं असतं.

“आक्का,” मी वरून म्हणालो, “भाला लागलता. फडकं मीच काढलं. आन् त्यो दवाखान्यात जातो म्हनत हुता, तर मीच नको म्हनलो.”

खाली दोन टाके पडले. तिनं दोरा दातानं तोडला. मान वर केली नाही.

“ठावं हाय,” ती म्हणाली. “त्येचा चोळणा मीच धुतलता.”